साथीचे गणित आणि बँकांचा ताप

मुंबईत प्लेग शिरला तो १८९६ च्या पावसाळ्यात. मांडवी भागातल्या रुग्णांवर उपचार करताना डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबरात त्याचे निदान केले. त्यानंतर पुढची अनेक वर्षे थंडी सरत आली की प्लेग डोके वर काढायचा आणि उन्हाळा तापला की ओसरायचा. घरे रिकामी होत, माणसे गावाकडे पळत आणि पालिकेच्या दप्तरात दर आठवड्याच्या मृत्यूंची नोंद होत राही. यातल्या एका मोसमाचे आकडे, म्हणजे १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले, पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. आलेखावर मांडले की ते घंटेसारखे दिसतात. आधी हळूहळू चढ, मग मधल्या काही आठवड्यांत जवळजवळ नऊशे मृत्यू आणि नंतर तेवढ्याच वेगाने उतार.

हे आकडे १९२७ मध्ये एडिंबरा येथील दोन संशोधकांनी एका समीकरणात बसवले. आज कोविडची लाट, गोवराचे लसीकरण आणि बँकांची पडझड यांसाठी जी संगणकीय मॉडेल वापरली जातात, त्यांच्यापैकी अनेकांची वंशावळ या समीकरणापर्यंत पोहोचते. मुंबईच्या मृतांच्या नोंदींतून निघालेले हे गणित बँकांपर्यंत कसे गेले आणि त्यावर कितपत भरवसा ठेवावा, हे समजून घेणे सामान्य माणसाच्याही हिताचे आहे. कारण टाळेबंदी लावायची का, बाळाला जादा डोस द्यायचा का, बँकेने किती पैसा राखून ठेवायचा, हे निर्णय आता अशा मॉडेलच्या आधारे होतात.

विहिरीचा पत्ता सांगणारे गणित

त्या दोघांपैकी एक होते लेफ्टनंट कर्नल अँडरसन मॅक्केन्ड्रिक. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. मलेरिया डासांमार्फत पसरतो, हे सिकंदराबादेत १८९७ मध्ये शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्यासोबत ते १९०१ मध्ये सिएरा लिओनच्या मोहिमेवर गेले होते. रॉस यांनाही गणिताचे वेड होते. मलेरिया थांबवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, डासांची संख्या एका ठरावीक पातळीखाली आणली तरी रोग आपोआप विझत जातो, असे त्यांनी गणिताने दाखवले होते. डास संपणे शक्यच नाही, मग खर्च कशाला, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना ते उत्तर होते. मॅक्केन्ड्रिक यांनी हाच वारसा पुढे नेला. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करता करता ते स्वतःच गणित शिकत गेले.

१९२६ मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात भारतातल्या एका खेड्यातील कॉलऱ्याचे उदाहरण आहे. गावात २२३ घरे. १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रुग्ण ८६. सगळ्या घरांना सारखाच धोका असता, तर निव्वळ योगायोगाच्या नियमाने ५८ च्या आसपास घरांत एकेक रुग्ण आणि फार तर एक-दोन घरांत तीन रुग्ण दिसायला हवे होते. प्रत्यक्षात एक रुग्ण असलेली घरे खूप कमी आणि तीन रुग्ण असलेली घरे बरीच जास्त होती. म्हणजे धोका काही घरांतच साचला होता.

मॅक्केन्ड्रिक यांनी उलटा हिशेब मांडला. किती घरांना धोका होता असे धरले, तर हे आकडे जुळतात? उत्तर आले ९३. या ९३ घरांपैकी सुमारे ३७ घरे नशिबाने वाचली आणि उरलेली १३० घरे धोक्याच्या बाहेरच होती. यावरून त्यांनी अनुमान काढले की रोग पाण्यातून आला असावा, गावात एकापेक्षा जास्त विहिरी असाव्यात आणि ही ९३ घरे एकाच दूषित विहिरीचे पाणी पीत असावीत. गावात जाऊन चौकशी केली तेव्हा तसेच निघाले, अशी नोंद त्यांनी केली आहे. मॉडेलचा खरा उपयोग काय असतो, याचा हा चांगला नमुना आहे. त्याने विहीर कुठे शोधायची ते सांगितले, पण पाहणी करायला माणसांना जावेच लागले.

तीन खोल्यांचे घर

पोटाच्या चिवट आजारामुळे मॅक्केन्ड्रिक १९२० मध्ये भारत सोडून मायदेशी परतले आणि एडिंबरा येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. तिथे त्यांची गाठ पडली विल्यम कर्मॅक या तरुण रसायनशास्त्रज्ञाशी. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात दाहक रसायन डोळ्यांत गेले आणि २६ व्या वर्षी कर्मॅक पूर्ण आंधळे झाले. त्यानंतरचे सारे गणित त्यांनी मनात केले. या जोडीने १९२७ मध्ये जो निबंध लिहिला, तो आजही साथरोगशास्त्राचा पाया मानला जातो.

त्यांची कल्पना साधी होती. शहर म्हणजे तीन खोल्यांचे घर समजा. पहिल्या खोलीत रोग होऊ शकेल अशी निरोगी माणसे, दुसरीत आजारी आणि तिसरीत बरी झालेली किंवा दगावलेली. पहिल्या खोलीतून दुसरीत माणसे किती वेगाने जातात, हे दोन्ही खोल्यांतली माणसे एकमेकांना किती भेटतात यावर ठरते. दुसरीतून तिसरीत जाण्याचा वेग आजार किती दिवस टिकतो यावर ठरतो. एवढ्या दोन नियमांवर साथीचा चढउतार उभा राहतो.

यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघाला. साथ ओसरते ती सगळी माणसे आजारी पडून गेल्यावरच, असे तोवर अनेकांना वाटे. दुसरा समज असा, की जंतूची ताकदच कमी होते. गणिताने दाखवले की यातले काहीच घडायची गरज नाही. निरोगी पण संरक्षण नसलेल्या माणसांची संख्या एका उंबरठ्याखाली आली, की एक आजारी माणूस सरासरी एकापेक्षा कमी जणांना रोग देतो आणि साथ विझू लागते. कितीतरी माणसे शेवटपर्यंत रोगाशिवाय राहतात. लसीकरणाचे सगळे तत्त्वज्ञान या उंबरठ्यावर उभे आहे.

हे समीकरण पडताळायला त्यांनी मुंबईचे आकडे घेतले. प्लेगच्या नोंदलेल्या रुग्णांपैकी दहातले आठ-नऊ दगावत असल्याने मृत्यूंची संख्या हीच तिसऱ्या खोलीत जाणाऱ्यांची संख्या धरता येत होती. समीकरणाची रेषा आणि मुंबईचे ठिपके जवळजवळ एकमेकांवर बसले.

रेषा जुळली, कारण चुकले

इथे गोष्ट संपली असती तर ती फार सोयीची झाली असती. पण प्लेग हा प्रामुख्याने माणसाकडून माणसाला होणारा रोग नाही. तो उंदरांचा रोग आहे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये हे मांडले होते आणि ज्या महिन्यांचे आकडे एडिंबराला पोहोचले, त्याच सुमारास परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाचे डॉक्टर ही साखळी प्रयोगांनी सिद्ध करत होते. उन्हाळा वाढला की पिसवांमार्फत होणारा प्रसार मंदावतो. मुंबईतली साथ दर वर्षी ठरावीक मोसमातच येऊन जात होती, यामागे हे मोठे कारण होते.

तीन खोल्यांच्या घरात ना उंदीर होता, ना पिसू, ना ऋतू. कर्मॅक आणि मॅक्केन्ड्रिक यांना याची जाणीव होती. आपल्या आकड्यांचा शब्दशः अर्थ घेऊ नये, असे त्यांनी निबंधातच सुचवले होते. पण नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी आलेख उचलला आणि हा इशारा मागेच राहिला. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने जुने आकडे पुन्हा तपासले. समीकरण मुंबईच्या आकड्यांवर बसवण्यासाठी जी मूल्ये धरावी लागतात ती वास्तवाला धरून नाहीत आणि ऋतुमान विचारात घेतल्याशिवाय दर वर्षी परतणाऱ्या या साथीचे स्पष्टीकरण मिळत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

डॉक्टरांच्या व्यवसायात याला समांतर अनुभव रोजचा आहे. तापाचा कागद पाहून मलेरिया वाटतो आणि निघतो टायफॉइड. ताप उतरला म्हणून निदान बरोबर होते असे नाही. तसेच आकडे जुळले म्हणून कारण कळले असेही नाही. मुंबईच्या प्लेगच्या रेषेवर विसंबून माणसांना एकमेकांपासून दूर ठेवण्यावरच सगळा भर दिला असता, तर उंदीर बिळात सुखरूप राहिले असते.

कॅल्क्युलेटरवरचा गोंधळ

संगणक आल्यावर मॉडेलमध्ये कितीही खोल्या, कितीही नियम घालता येऊ लागले. मग भाकीत अचूक व्हायला हवे. ते तसे का होत नाही, याचे उत्तर रॉबर्ट मे यांनी दिले. हे मूळचे सिडनीचे भौतिकशास्त्रज्ञ. प्राणी-वनस्पतींची संख्या कशी वाढते-घटते, या प्रश्नात ते गुंतले आणि त्यांचे क्षेत्रच बदलले. पुढे ते ब्रिटिश सरकारचे मुख्य विज्ञान सल्लागार आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले.

१९७६ मध्ये त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक सोपे समीकरण घेऊन लेख लिहिला. ते घरच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहता येते. शून्य आणि एक यांच्यामधला एखादा आकडा घ्या, समजा ०.३००. तो एकातून वजा करा. मिळालेल्या उत्तराला मूळ आकड्याने आणि मग ४ ने गुणा. उत्तर येईल ०.८४. आता ०.८४ घेऊन हीच कृती पुन्हा करा आणि अशी दहा वेळा करा. शेवटी ०.०४ च्या जवळपास आकडा येतो. आता सुरुवात ०.३०० ऐवजी ०.३०१ ने करा. पहिली तीन-चार उत्तरे जवळजवळ सारखीच येतात. सहाव्या पायरीपासून वाटा फुटू लागतात आणि दहाव्या पायरीला उत्तर येते ०.६२.

नियम एकच, त्यात कुठेही नशिबाचा भाग नाही, तरीही सुरुवातीच्या एक हजारांशाच्या फरकाने शेवट पार बदलतो. हवामानाच्या बाबतीत एडवर्ड लॉरेन्झ यांना हेच १९६० च्या दशकात दिसले होते. म्हणून हवामान खाती आता एकच भाकीत करत नाहीत. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवतात आणि त्यातली बहुतेक उत्तरे कुठे जातात ते पाहतात. पावसाची शक्यता ७० टक्के असे जे सांगितले जाते, त्यामागे ही पद्धत असते. परवाचा पाऊस सांगता येतो, पण तीन महिन्यांनंतरच्या एखाद्या मंगळवारचा सांगता येत नाही, याचे कारणही यातच आहे.

बँकांना लागण

मे यांचे आणखी एक काम १९७२ चे. जंगलात जितक्या जास्त प्रजाती आणि जितके जास्त परस्परसंबंध, तितके जंगल टिकाऊ, अशी त्या वेळची समजूत होती. संबंध कसेही, यदृच्छेने जोडलेले असतील, तर गुंतागुंत वाढल्यावर व्यवस्था उलट डळमळीत होते, असे मे यांनी गणिताने दाखवले. टिकाऊपणा संबंधांच्या संख्येपेक्षा त्यांच्या रचनेवर अवलंबून असतो.

ही गोष्ट तीन दशकांनंतर बँकवाल्यांच्या कामी आली. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने आणि अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने पर्यावरण, साथरोग, अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र अशा वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या तज्ज्ञांना एकत्र बसवले. त्या चर्चेवर आधारित लेख मे, सायमन लेव्हिन आणि जॉर्ज सुगिहारा यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिला. बँकांच्या धोक्याकडे एकेका बँकेपुरते न पाहता संपूर्ण जाळ्याचा धोका म्हणून पाहा, असा त्याचा रोख होता. सात महिन्यांनी, १५ सप्टेंबर २००८ ला, लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि जगभरच्या बँकांनी एकमेकांना उसने देणे जवळजवळ बंद केले.

तोवर बँकांकडे मॉडेल नव्हती असे मुळीच नाही. भरपूर होती. पण ती एका रुग्णाची तपासणी करत होती, साथीची नव्हे. शिवाय त्यांना दिलेले आकडे बव्हंशी चांगल्या वर्षांचे होते. अमेरिकेत घरांच्या किमती एखाद्या शहरात पडतील, पण देशभर एकाच वेळी पडणार नाहीत, असे गृहीत धरून हजारो गृहकर्जांच्या मोळ्या बांधल्या गेल्या आणि त्यांना सर्वात सुरक्षित असा शेरा मिळाला. किमती सगळीकडे एकदम घसरल्या तेव्हा मॉडेलच्या हिशेबाने कल्पांतापर्यंत घडू नयेत अशा घटना एकाच आठवड्यात अनेकदा घडल्या.

बँक ऑफ इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ अँड्र्यू हॉल्डेन यांनी २००९ मधल्या एका भाषणात २००३ ची सार्सची साथ आणि लेहमनची पडझड शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींत मूळ आघातापेक्षा घबराटीने केलेले नुकसान मोठे होते. दोन्हींत जाळे जितके दाट, तितका प्रसार वेगवान. २०११ मध्ये हॉल्डेन आणि मे यांनी मिळून बँकांच्या जाळ्याचे सोपे मॉडेल प्रसिद्ध केले. यातली एक बाब विचार करायला लावते. प्रत्येक बँकेने आपला धोका कमी करायला पैसा अनेक ठिकाणी विभागला, तर ती बँक एकटी सुरक्षित होते. पण सगळ्याच बँकांनी त्याच त्या ठिकाणी विभागला, तर साऱ्या बँका एकसारख्या होतात. शिवारभर एकाच वाणाचे पीक घेतल्यासारखे. कीड आली की कुणाचेच शेत वाचत नाही.

साथरोगशास्त्रात काही रुग्ण इतरांपेक्षा कितीतरी जास्त जणांना रोग देतात. लस कमी असेल, तर अशा जागी आधी वापरावी. बँकांच्या जाळ्यातही काही बँका अशाच मध्यवर्ती असतात. त्यांना जादा भांडवल राखायला लावणे हे एक प्रकारचे लसीकरणच. २००८ नंतर जगभर हा नियम आला. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये स्टेट बँक व आयसीआयसीआय बँक आणि २०१७ मध्ये एचडीएफसी बँक यांना व्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाच्या बँका ठरवून जादा भांडवलाची अट घातली. रिझर्व्ह बँकेच्या सहामाही स्थैर्य अहवालात एखादी बँक कोसळली तर तिचा संसर्ग इतरांना किती होईल, याचा हिशेब असतो. त्यासाठी 'संसर्ग' हाच शब्द वापरला जातो.

प्लेग जिथे प्रथम ओळखला गेला, ती मांडवी आणि फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय यांच्यात पायी जाण्याइतके अंतर आहे.

वर्तमानपत्र वाचणारी साथ

तरी रोग आणि पैसा यांत एक मोठा फरक आहे. विषाणू वर्तमानपत्र वाचत नाही, ठेवीदार वाचतो. एखादी बँक अडचणीत येणार असे भाकीत झाले, की लोक रांगा लावतात आणि धडधाकट बँकही अडचणीत येते. भाकीतच स्वतःला खरे करते.

साथीत बहुधा उलट होते. १६ मार्च २०२० ला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने आपले अंदाज प्रसिद्ध केले. काहीच उपाय केले नाहीत, तर ग्रेट ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार मृत्यू होतील, असे त्यात म्हटले होते. आठवडाभरात तिथे टाळेबंदी लागली. पुढे मृत्यू कमी झाले तेव्हा अनेकांनी मॉडेल खोटे ठरवले. 'काहीच उपाय केले नाहीत तर' ही अट टीकाकार विसरून गेले. धूम्रपान सोडलेल्या माणसाला कर्करोग झाला नाही, म्हणून त्याला इशारा देणारा डॉक्टर खोटा ठरत नाही.

पण खरोखर चुकलेली मॉडेलही होती आणि त्यांची किंमत मोठी होती. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की देशातला कळस सप्टेंबरातच होऊन गेला आहे आणि खबरदारी चालू राहिली, तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत लक्षणे असलेले रुग्ण अगदी थोडे उरतील. फेब्रुवारीतले आकडे खाली आलेही. मग दुसरी लाट आली आणि मे महिन्याच्या सुरुवातीला देशात दिवसाला चार लाखांवर रुग्ण नोंदले गेले. मॉडेलच्या खोल्यांमधले दरवाजे कायम तेवढेच उघडे राहतील असे गृहीत होते. डेल्टा आला आणि लोकही पुन्हा एकत्र येऊ लागले, त्यामुळे दरवाजे सताड उघडले गेले. अटींसह केलेला अंदाज लोकांपर्यंत पोहोचेतो 'साथ संपली' एवढाच उरला होता. प्राणवायूचे सिलिंडर शोधत फिरणाऱ्या नातेवाइकांना त्याचा अर्थ वेगळ्याने सांगायची गरज नाही.

सरासरीखाली झाकलेली वस्ती

तीन खोल्यांच्या घराची सर्वात मोठी चूक म्हणजे त्यातला प्रत्येक माणूस इतर कुणालाही सारख्याच वेळा भेटतो, हे गृहीतक. मुंबईसारख्या शहरात ते किती खोटे आहे, हे जुलै २०२० च्या रक्ततपासणीत दिसले. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांत ती केली. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडे सापडली, बाहेरच्या इमारतींत १६ टक्के. रस्त्याच्या दोन बाजूंना साथीचे दोन वेगळे टप्पे चालू होते.

अशा शहरासाठी टाटा संस्था आणि बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था यांनी वेगळ्या धाटणीचे मॉडेल बांधले. त्यात शहराची सरासरी नसते, संगणकात मुंबईइतकी मोठी काल्पनिक मुंबई वसवलेली असते. प्रत्येक काल्पनिक माणसाला घर, कामाची जागा किंवा शाळा आणि प्रवासाचा मार्ग दिलेला असतो. चाळीतली खोली आणि मोठा फ्लॅट यांतला फरक त्यात धरता येतो. लोकल कधी आणि किती गर्दीने सुरू कराव्यात, असे प्रश्न या मुंबईला विचारता येत होते. अशा मॉडेलला आकडे मात्र फार लागतात आणि जे आकडे मिळत नाहीत तिथे अंदाजच घालावा लागतो.

सरासरी माणसाला कशी फसवते, याचे ताजे उदाहरण २०२२ च्या अखेरीस गोवंडीत दिसले. गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या समाजात १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. मधला आकडा १५ धरू. साथ थांबवायची तर या पंधरांपैकी किमान चौदा जणांना संरक्षण हवे, म्हणजे एकाच्या पुढे रोग जाणार नाही. हे प्रमाण ९३ टक्के होते, म्हणून ९५ टक्के लसीकरणाचे उद्दिष्ट ठेवतात. आता समजा शहराचे लसीकरण ९५ टक्के आहे, पण एका वस्तीत ते ६० टक्केच आहे. कागदावर शहर उत्तीर्ण. त्या वस्तीत मात्र पंधरांतली सहा मुले उघडी आहेत आणि एका रुग्णाचे सहा, सहाचे छत्तीस व्हायला वेळ लागत नाही. गोवंडीत साथ पसरली, लहान मुले दगावली आणि एरवी नवव्या महिन्यात दिली जाणारी लस सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस म्हणून देण्याचा निर्णय घ्यावा लागला. शेजारच्या भागांत लसीकरण चांगले होते, याचा त्या बाळांना उपयोग झाला नाही.

मॉडेलला विचारायचे प्रश्न

साथीची किंवा बाजाराची आकडेवारी बातमीत आली, की वाचकाने घाबरण्याआधी किंवा निश्चिंत होण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, यात 'जर' काय आहे? काही केले नाही तर, की सध्याचे उपाय चालू राहिले तर? अट काढून टाकलेला अंदाज वाचण्यात अर्थ नाही. दुसरी, हा एकच आकडा आहे की कमीत कमी ते जास्तीत जास्त अशी मर्यादा दिली आहे? किती दूरचे सांगितले आहे? दोन आठवड्यांच्या अंदाजाला जे वजन द्यायचे, ते सहा महिन्यांच्या अंदाजाला देता येत नाही. तिसरी, ही सरासरी कुणाची? राज्याची, शहराची की आपल्या वस्तीची? गुंतवणुकीची जाहिरात असेल तर आणखी एक प्रश्न जोडावा, की हिशेबात वाईट वर्षे धरली आहेत का?

सगळ्यात शेवटी मॉडेलच्या आधीचा प्रश्न येतो, तो नोंदीचा. १८९७ मध्ये प्लेगच्या तपासणीत इतकी सक्ती झाली, की लोक रुग्ण आणि मृतदेहही लपवू लागले. लपवलेला मृत्यू कुठल्याच समीकरणात येत नाही. आज मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून नुसते 'हृदयक्रिया बंद' लिहिले जाते, लसीकरणाच्या वहीत न दिलेल्या डोसापुढे खूण होते, बुडीत कर्ज नव्या कर्जाने झाकले जाते. संगणकाला यातले काही कळत नाही. तो दिलेल्या आकड्यावर इमानाने काम करतो.

मॅक्केन्ड्रिक यांना गावातल्या विहिरीपर्यंत पोहोचता आले, कारण कुणीतरी २२३ घरांचे उंबरे झिजवून प्रत्येक घरात किती रुग्ण झाले ते खरे लिहून ठेवले होते. त्या माणसाचे नाव कुठे नोंदलेले नाही. त्याच्या जागी आज आशा सेविका आहे, वॉर्डातली परिचारिका आहे, बँकेत कर्जखाती तपासणारा कर्मचारी आहे. पुढच्या साथीचा अंदाज किती खरा ठरेल, हे त्यांच्या वहीवर अवलंबून असेल.